मक्याचा पेला

हेल्यूआत्याला मी पेला नेऊन दिला,
आमच्या कारखान्यातला, पहिल्या खेपेतला.
पांढरा, पोटावर हिरवी अक्षरं:
मी वनस्पती आहे. मी मातीत परत जाईन.
वाक्य माझं होतं. त्याचे मला पैसे मिळाले होते.

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला,
एकतीस वर्षं पोस्टात पत्ते वाचले
तसं ते वाचलं,
आणि म्हणाली, बरं. बघू.

हिउमा बेटावर माती कमी, दगड जास्त.
तरी बटाट्यांच्या ओळीशेजारी तिने जागा काढली,
पेला पुरला, वर काठी रोवली,
काठीवर तारीख.
मी संध्याकाळच्या फेरीबोटीने परतलो.

जूनमध्ये तिचा फोन: आहे.
सप्टेंबरात: आहे. आत एक गांडूळ बसलं होतं,
अवघडलेल्या पाहुण्यासारखं, कशालाही तोंड न लावता.
बर्फ पडायच्या आदल्या दिवशी: आहे रे, अक्षरांसकट.
तू दिलेला शब्द भलताच टिकाऊ निघाला.

मग मी खरं सांगितलं.
की थंड मातीत ते होत नाही.
साठ अंश लागतात, आठवडेच्या आठवडे,
ओल लागते, मोठी बंद टाकी लागते,
आणि तशी टाकी जवळपास कुठे आहे
ते मी विचारून सांगतो.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग: साठ? एवढंच ना?
आमच्याकडे शनिवारी नव्वद होतात.

तर त्या हिवाळ्यात
खताची बादली सौनात गेली.
खालच्या बाकावर, दाराशी,
जिथे लहान मुलांना बसवतात.
वर आत्या आणि शेजारची साल्मे,
बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकींची पाठ झोडत,
तापल्या दगडांवर पाणी ओतत,
आणि खाली माझा पेला, शेणखतात गळ्यापर्यंत,
घाम गाळत.
साल्मे त्याला 'तुझा भाचा' म्हणायची.
भाच्याला पाणी घाल गं, कोरडा पडलाय.

अकरा शनिवार.
काठ मऊ पडला, म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळीसारखा.
मग बूड गेलं.
मग 'मातीत' गेलं, 'परत' गेलं,
'जाईन' तेवढं बरेच दिवस अडून बसलं होतं म्हणे.

मार्चमध्ये मला पार्सल आलं.
तपकिरी कागद, आधी कधीतरी वापरलेला, इस्त्री फिरवलेला,
भोवती जवसाच्या वाखाची दोरी,
आणि गाठ अशी
की एक टोक ओढलं की सगळी सुटते.
ही गाठ ती पोस्टातल्या नव्या मुलींना
पहिल्याच दिवशी शिकवायची.
म्हणायची, बांधणाऱ्याने
सोडणाऱ्याचा विचार करावा.

आत बर्चच्या सालीची पुडी.
पुडीत नखाएवढा तुकडा,
त्यावर एकच शब्द वाचता येत होता:
मी.
सोबत चिठ्ठी, पोस्टाच्या जुन्या पावतीमागे,
टपोऱ्या अक्षरात:
ओंडके, एकशे बेचाळीस.
पाणी, मोजलं नाही.
उरलेलं तूच सांभाळ.

मीटिंगमध्ये मी तो तुकडा टेबलावर ठेवला.
कुणीतरी विचारलं, हे काय आहे,
कुणीतरी, बाजारात केव्हा येईल.
वाक्य बदलायचं ठरलं. खाली बारीक टाइपात एक ओळ,
तारांकित.
तीही मीच लिहिली.

कागद मी जपून ठेवलाय, पुन्हा चालेल.
दोरी बाल्कनीतल्या कुंडीत पुरली,
सहज, कुणाला न सांगता.
काठी रोवायची राहून गेली.
ऑगस्टमध्ये बोटांनी उकरून पाहिलं,
या कडेला, त्या कडेला,
मुळांच्या खाली,
कुठे पुरली होती
तेच सापडेना.